उदाहरण अडले असता

सुरगाणा तालुक्यात तिन्हीसांजेला गणिताची वही उघडून बसलेल्या मुलाच्या शेजारी जे माणूस असते, त्याने स्वतः फारशा इयत्ता ओलांडलेल्या असतातच असे नाही, ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवून पुढील सूचना लिहिल्या आहेत. दिवाळी उलटली की येथील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. मागे उरते ती आजी, नाहीतर दोन इयत्ता पुढे गेलेली थोरली बहीण. आणि जी मुले आश्रमशाळेत राहतात त्यांना पुष्कळदा शेजारच्या बाकावरील सोबत्यावाचून दुसरा सल्लागार नसतो. अशा माणसाला साहजिकच वाटते की, जे आपल्याला येत नाही ते आपण दुसऱ्याला काय समजावून देणार. माझे मत याविषयी निश्चित आहे: गृहपाठात अडलेल्या मुलाला मुख्यतः हवा असतो तो शांतपणे प्रश्न विचारणारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकून घेणारा श्रोता, आणि ते काम अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा उत्तम रीतीने करू शकते, फक्त कोणते प्रश्न केव्हा विचारावयाचे हे तिला ठाऊक असले पाहिजे.

पहिली गोष्ट वाचनाची. १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत सुरगाणा हे स्वतंत्र संस्थान होते, आणि संस्थानी कचेरीतील अनुभवी कारकून जसा अर्जाच्या मायन्यावरून आणि लांबलचक कैफियतीवरून नजर फिरवून अर्जदाराचे मागणे काय आहे ते प्रथम पाही व मगच वरच्या तपशिलाकडे वळे, त्याच क्रमाने शाब्दिक उदाहरण वाचावे. एक नमुना घेऊ. बोरगावच्या बाजूस, सापुताऱ्याच्या रस्त्यावर, हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडलेल्या असतात, तेव्हा हा व्यवहार येथील मुलांच्या डोळ्यांसमोरचा आहे. समजा, एका शेतकऱ्याने २४ किलो स्ट्रॉबेरी तोडून ती दोन-दोन किलोंच्या पेट्यांत भरली आणि प्रत्येक पेटी १८० रुपयांस विकली. तोडणीची मजुरी ६०० रुपये आणि गाडीभाडे २४० रुपये वजा जाता त्याच्या हाती किती रक्कम राहिली? उतावळे मूल पहिल्या दोन मोठ्या संख्या दिसताच त्यांचा गुणाकार करते आणि ४३२० हा आकडा लिहून मोकळे होते. त्याला चूक म्हणून सांगण्याची घाई करू नये. पुस्तक मिटावयास लावून, त्या शेतकऱ्याची हकीगत त्याच्या घरच्या बोलीत, मग ती कोकणा असो, वारली असो की डांगी असो, आपल्याला सांगावयास लावावी. पुस्तकातील मराठी ही या मुलांपैकी पुष्कळांची शाळेत आल्यावर शिकलेली भाषा आहे. तिच्यातील वाक्य पाठ म्हणता येणे आणि त्यातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहणे यांत जे अंतर पडते, तेथेच बहुतेक उदाहरणे अडतात, आणि शिक्षक मात्र मुलाला गुणाकार येत नाही असा शेरा मारून बसतात.

हकीगत सांगून झाली की शेवटून प्रश्न विचारीत यावे. काय काढावयाचे आहे? हाती राहिलेली रक्कम. ती कळण्यास काय हवे? विक्रीचे पैसे आणि खर्च. खर्च तर दिलेलाच आहे, ६०० आणि २४० मिळून ८४०. विक्रीचे पैसे कळण्यास काय हवे? पेट्या किती आणि पेटीचा भाव काय. भाव दिला आहे, पेट्या दिलेल्या नाहीत. पण एकंदर वजन आणि एका पेटीतील वजन दिले आहे. येथे पोहोचताच मुलाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, कारण आता जे करावयाचे ते त्याला येतच असते: २४ भागिले २ म्हणजे १२ पेट्या, १२ गुणिले १८० म्हणजे २१६० रुपये विक्री, आणि त्यातून ८४० वजा जाता बाकी १३२० रुपये. प्रत्येक ओळीपुढे ती संख्या कशाची आहे हे लिहावयास लावावे: इतक्या पेट्या, इतके रुपये विक्री, इतके रुपये खर्च. जमाखर्चाच्या वहीत नुसता आकडा कोणी लिहीत नाही, त्याच्यापुढे बाब नमूद असते. गणिताच्या वहीत मात्र मुले बिनबाबीचे आकडे एकाखाली एक रचीत जातात आणि तीन ओळींनंतर कोणता आकडा कशाचा हे त्यांनाच सांगता येत नाही.

या ठिकाणी एका अपायकारक सवयीविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे. ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘जास्त’ आले की मिळवा, अशी शब्दांवरून क्रिया ओळखण्याची युक्ती काही मार्गदर्शकांतून आणि शिकवण्यांतून मुलांच्या हाती दिली जाते. ती काही दिवस कामास येते आणि मग ऐन वेळी दगा देते. ताईकडे १५ बोरे आहेत आणि ती भावाच्या बोरांपेक्षा ४ ने जास्त आहेत, तर भावाकडे किती, असे विचारताच ‘जास्त’ या शब्दाला भुलून मूल १९ असे सांगते. त्याला एवढेच विचारावे की, दोघांत बोरे कोणाकडे अधिक? ताईकडे. मग भावाची १९ कशी असतील? ११ हे उत्तर ते आपण होऊन देते. क्रिया ठरवावी ती प्रसंगावरून, एका सुट्या शब्दावरून कदापि ठरवू नये.

अंदाजाची सवय हा दुसरा मोठा आधार आहे. पाटीवर हिशेब मांडण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावे हे तोंडाने सांगावयास लावावे. दहा पेट्यांचे १८०० होतात, पेट्या बारा आहेत, तेव्हा विक्री दोन हजारांच्या थोडी वर असणार. एवढे ज्याच्या मनात आधी उभे आहे त्याला ४३२० हा आकडा स्वतःच खटकेल. अपूर्णांकांत तर याचे महत्त्व फारच वाढते. एक चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश ही बेरीज करताना मुले वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवून दोन षष्ठांश असे उत्तर लिहितात. अशा वेळी छेद समान करण्याचा नियम घोकून घेण्यापूर्वी त्या मुलाला आजीकडे पाठवावे. जिने उमेदीची सारी वर्षे पायली, अधोली आणि शेर या मापांनी नागली-वरई मोजली, तिला पावशेर आणि अर्धा शेर मिळून पाऊण शेर होतो हे सांगण्यास क्षणाचाही विचार करावा लागत नाही. आणि पाऊण शेर हे उत्तर मान्य झाल्यावर मुलाला विचारावे की, तुझे दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी कसे झाले? या प्रश्नाने नियमाची गरज त्याला पटते, आणि गरज पटलेला नियम विसरला जात नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही सर्व तोंडपाठ करवून घेत. त्या पद्धतीत मार आणि घोकंपट्टी पुष्कळ होती, परंतु अपूर्णांक हा व्यवहारातला सोबती आहे एवढे तरी मुलाला कळत असे.

त्रैराशिकाची उदाहरणे या भागातील मुलांना शेतावरून सहज समजतात, फक्त समप्रमाण कोठे आणि व्यस्त कोठे याचा निवाडा आकड्यांना हात लावण्यापूर्वी झाला पाहिजे. एका खाचराची आवणी ६ बाया ४ दिवसांत उरकतात, तर ८ बाया किती दिवसांत उरकतील? येथे एकच प्रश्न पुरे आहे: माणसे वाढली तर काम लवकर संपेल की उशिरा? लवकर, हे मुलाला पावसात चिखलात उभे राहून ठाऊक झालेले असते. मग उत्तर ४ पेक्षा कमीच आले पाहिजे, हेही त्याने तेव्हाच कबूल केले पाहिजे. एका बाईला एकटीला ते काम किती दिवस पुरेल? सहापट, म्हणजे २४ दिवस. तेच आठ जणींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्यास ३ दिवस. इसवी सन ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथात भास्कराचार्यांनी त्रैराशिक आणि व्यस्त त्रैराशिक यांची जी मांडणी दिली आहे तिच्यात प्रमाण, फल आणि इच्छा अशी तीन पदे असतात. आपल्या उदाहरणात ६ बाया हे प्रमाण, ४ दिवस हे फल आणि ८ बाया ही इच्छा, आणि व्यस्त असल्यामुळे प्रमाण व फल यांचा गुणाकार इच्छेने भागावयाचा. सुरगाण्याहून पूर्वेस, चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे, तेव्हा या प्रांतात त्रैराशिकाचे अध्यापन आठशे वर्षांहून जुने आहे. एखादे चौकस मूल विचारील की, मग २४० बाया लावल्या तर काम तासाभरात होईल काय? त्याला उडवून लावू नये. सर्वांचा वेग सारखा आहे आणि खाचरात सर्वांना उभे राहण्यास जागा आहे असे उदाहरणात गृहीत धरलेले असते, हे त्याला सांगावे. गृहीतक म्हणजे काय याचा पाठ याहून चांगल्या रीतीने देता यावयाचा नाही.

भागाकारात बाकी उरली की मुले गोंधळतात, आणि त्यांचा गोंधळ रास्त आहे, कारण त्या बाकीचे काय करावयाचे हे भागाकार सांगत नाही, प्रसंग सांगतो. ५० ला ९ ने भागले असता ५ येतात आणि ५ उरतात. आता ५० मुलांना सहलीस न्यावयाचे आहे आणि जीपगाडीत एका वेळी ९ मुले बसतात, तर फेऱ्या किती? सहा, कारण उरलेली पाच मुले मागे ठेवता येत नाहीत. ५० रुपयांत ९ रुपयांच्या वह्या किती येतील? पाच, आणि ५ रुपये परत. ५० मीटर दोराचे ९ सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा केवढा? पाच पूर्णांक पाच नवमांश मीटर. भागाकार एकच असून उत्तरे तीन झाली. ही तीन उदाहरणे एकाच दिवशी शेजारी शेजारी सोडवून घ्यावीत, असा माझा आग्रह आहे. एकेक सुटे घातले तर त्यांतील भेद ध्यानात येत नाही.

वेळेच्या हिशेबाबद्दल थोडेच सांगावयाचे आहे. समजा, सकाळी पावणेसात वाजता सुटलेली एस.टी. साडेनऊ वाजता नाशिकास पोहोचली, तर प्रवासास किती वेळ लागला, या प्रश्नात मुले ९.३० मधून ६.४५ वजा करून २.८५ लिहितात, कारण तासाची मिनिटे साठ असतात हे वजाबाकीच्या भरात निसटते. वजाबाकी न करता पुढे मोजीत जावे: पावणेसातपासून सातपर्यंत १५ मिनिटे, सातपासून नऊपर्यंत २ तास, तेथून साडेनऊपर्यंत ३० मिनिटे, एकंदर २ तास ४५ मिनिटे.

शिष्यवृत्ती परीक्षेत आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत बुद्धिमत्तेचे जे प्रश्न असतात त्यांना पालक उगाच भितात. त्यांत गणिताचा नियम क्वचितच लागतो. लागते ती कारण सांगण्याची शिस्त. घरच्या वस्तूंनी होणारे एक उदाहरण पाहा. तीन डब्यांत नागली, वरई आणि उडीद आहेत. प्रत्येक डब्यावर धान्याच्या नावाची चिठ्ठी आहे, परंतु तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या लागल्या आहेत. एकच डबा उघडून तिन्ही डब्यांतील धान्य सांगावयाचे आहे. ‘नागली’ अशी चिठ्ठी असलेला डबा उघडला आणि त्यात उडीद निघाले, असे धरू. ‘वरई’ लिहिलेल्या डब्यात वरई असणार नाही, कारण चिठ्ठी चुकीची आहे. उडीदही नाहीत, कारण ते आपण पाहिले. म्हणजे तेथे नागलीच असली पाहिजे, आणि ‘उडीद’ लिहिलेल्या डब्यात उरलेली वरई. येथे उत्तराला किंमत नाही, ‘कारण’ या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्यांना आहे. मुलाने बरोबर उत्तर अंदाजाने सांगितले तरी ‘कशावरून?’ हा प्रश्न सोडू नये. पाटीवर तीन उभे आणि तीन आडवे रकाने आखून जे अशक्य ठरेल तेथे फुली मारीत जाण्याची सवय लावली, तर पाच-सहा माणसे आणि त्यांचे व्यवसाय अशा लांबलचक कोड्यांतही मूल हरवत नाही.

हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि शेवटी मागे वळून पाहणे. आपल्याकडे शेवटच्या पायरीला ताळा म्हणतात, आणि ती जितकी आवश्यक तितकीच उपेक्षित आहे. स्ट्रॉबेरीच्या उदाहरणात उलट्या दिशेने जावे: १३२० मध्ये ८४० मिळविले की २१६०, त्यास १८० ने भागले की १२, बाराची दुप्पट २४, मूळ वजन परत मिळाले म्हणजे आकडेमोड निर्दोष. ज्या मुलाला स्वतः ताळा पाहता येतो त्याला उत्तर बरोबर की चूक हे विचारीत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, आणि ज्या घरात तपासून देणारे कोणी नाही त्या घरातील मुलाला तर ताळ्यावाचून दुसरा आधार नाही. म्हणून माझ्या मते सर्व सूचनांत ही श्रेष्ठ.

ताळ्याची गोडी लावण्यास आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका शालेय शिक्षकाने एक अपूर्व साधन देऊन ठेवले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळविले, आणि पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण नसताना, शाळेचे काम सांभाळून, त्यांनी संख्यांच्या गुणधर्मांचा शोध आयुष्यभर चालविला. १९४९ साली त्यांना सापडलेली ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून दुसरी, आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या बाकीवर हीच कृती पुन्हा करावी. वजाबाकीत तीन किंवा कमी अंक उरले तर पुढे शून्य लिहून चार अंक पुरे करावेत. १९४९ हीच संख्या घेऊ. ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. ८४४२ वजा २४४८ म्हणजे ५९९४. ९९५४ वजा ४५९९ म्हणजे ५३५५. ५५५३ वजा ३५५५ म्हणजे १९९८. ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४ च. कोणत्याही संख्येला सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहीत.

हातच्याच्या वजाबाकीचा कंटाळा करणाऱ्या मुलाला हा खेळ द्यावा, आणि त्याच्या जोडीला नऊचा ताळाही शिकवावा: तेच अंक वेगळ्या क्रमाने मांडून केलेल्या दोन संख्यांची वजाबाकी नेहमी ९ ने भागली जाते, म्हणून प्रत्येक बाकीच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत आली पाहिजे. ८४४२ चे अंक मिळून १८, ५९९४ चे २७; आणि कोठे १७ किंवा २० आली की त्याच पायरीवर चूक आहे, मागे जाऊन शोधावी. अंकांची केवळ अदलाबदल झाली असेल तर मात्र हा ताळा ती चूक पकडीत नाही, हेही मुलाला सांगून ठेवावे. अशी चूक पायरी पुन्हा करूनच सापडते.

आता साहाय्य करणाऱ्याने काय टाळावे ते सांगतो. मुलाच्या हातातून पेन्सिल घेऊ नये. बाजारच्या मार्गदर्शकातील उत्तर किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर दिसणारी तयार मांडणी उतरवून घेण्यास मुभा देऊ नये; उत्तर मिळाल्यावर पडताळ्यासाठी ती पाहण्यास हरकत नाही. एका बैठकीत दहा उदाहरणे उरकण्याचा हट्ट नको. तीन सोडवावीत, पण त्यांची हकीगत, अंदाज, मांडणी आणि ताळा ही सर्व पुरी व्हावीत. मूल रडकुंडीस आले तर त्याच उदाहरणातील मोठे आकडे बदलून लहान घालावेत, २४ किलोंऐवजी ४ किलो, १८० रुपयांऐवजी १० रुपये. रीत तीच राहते आणि भीती जाते. आणि इतके करूनही उदाहरण सुटले नाही, तर कोणाकडून तरी उत्तर मिळवून वही पुरी करण्याच्या फंदात पडू नये. जेथपर्यंत समजले तेथपर्यंत स्वच्छ लिहावे, जी ओळ अडली तिच्याखाली रेघ ओढावी, ‘येथे अडले’ असे शेजारी लिहावे आणि वही तशीच दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवावी. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की, अशी रेघ ओढलेली वही आली तर त्या मुलास शिक्षा करू नये, वर्गातील पहिला पाठ त्या ओळीपासून सुरू करावा.